दिलेला शब्द आणि खोल पाणी

आपल्याकडे कोणी गेले की आपण ‘मातीला’ जातो. शेजारचा कन्नड माणूस ‘मण्णिगे’ जातो. भाषा दोन, शब्द एकच. मग प्रत्यक्षात दहन होवो, दफन होवो, लिंगायतांची समाधी होवो की गोव्यातल्या ख्रिस्ती घरातून पेटी सिमितेरीकडे निघो. गेलेल्या माणसाचे शरीर समोर आहे, त्याला शेवटचा हात लावता येतो आणि मग ते दृष्टीआड होते, एवढा क्रम सर्वांनी गृहीत धरलेला असतो. हा क्रम पाण्यामुळे मोडतो. नदीने, धरणाने, समुद्राने माणूस नेला आणि परत दिला नाही, तर घरचे लोक दिवसेंदिवस काठावर बसून राहतात, हे कृष्णा-घटप्रभेच्या काठच्या वाचकांना सांगायला नको. माणूस जिवंत नाही हे त्यांना पहिल्या दिवशीच कळून चुकलेले असते. तरी ते उठत नाहीत. त्यांना प्रेत हवे असते.

ते प्रेत आणायला दुसऱ्या जिवंत माणसाने किती खोल जावे, आणि त्याला ‘जा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला? या प्रश्नाभोवती अलीकडच्या काळात एक पुस्तक आणि दोन अनुबोधपट निर्माण झाले. फिलिप फिंच यांचे ‘डायव्हिंग इंटू डार्कनेस’ हे पुस्तक २००८ सालचे. जोना मालाक यांचा ‘डेव्ह नॉट कमिंग बॅक’ हा अनुबोधपट २०२० सालचा. या दोहोंचा विषय एकच, दक्षिण आफ्रिकेतली एक दुर्घटना. तिसरी कृती म्हणजे हुआन रेइना यांचा २०१६ सालचा फिनिश अनुबोधपट, ‘डायव्हिंग इंटू द अननोन’ या इंग्रजी नावाने ओळखला जाणारा. त्याचा विषय नॉर्वेमधली दुसरी दुर्घटना. तिन्ही कृतींमध्ये कसब आहे, प्रामाणिकपणाही आहे. परंतु तिन्ही कृती ज्या ठिकाणी डोळे दिपून थांबतात, ते ठिकाण सारखेच आहे. म्हणून त्यांचा विचार एकत्र करणे सोयीचे.

आधी हकीकत सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे ती फारशी ठाऊक नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात बुशमन्स होल नावाची एक जलमय गुहा आहे. तिथले लोक तिला बुसमान्सगाट म्हणतात. वरून पाहिले तर खडकांमध्ये दडलेले लहानसे तळे; पण त्या तळ्याच्या अरुंद तोंडातून खाली गेले की गुहा एकदम प्रचंड होते आणि तिचा तळ पावणेतीनशे मीटरच्या आसपास लागतो. आपल्या कुतुबमिनारापेक्षा पावणेचारपट खोल. १९९६ साली नुनो गोमेस हा पाणबुड्या तिथे २८२ मीटरपर्यंत जाऊन जिवंत परतला होता. त्याच्या आधी, डिसेंबर १९९४ मध्ये, डिऑन ड्रेयर नावाचा वीस वर्षांचा मुलगा आपल्या सोबत्यांबरोबर या गुहेत उतरला आणि वर आला नाही. पाण्यात सोडलेल्या यंत्राने तळावर त्याचे हेल्मेट शोधले, मुलगा मात्र सापडला नाही. आईवडिलांनी गुहेच्या तोंडाशी कातळावर त्याच्या नावाची पाटी बसवली. ती गुहा हेच त्याचे थडगे झाले.

दहा वर्षे गेली. २८ ऑक्टोबर २००४ रोजी डेव्ह शॉ हा ऑस्ट्रेलियन पाणबुड्या या गुहेच्या तळाशी, २७० मीटरवर, पोहोचला. शॉ व्यवसायाने वैमानिक, हाँगकाँगमध्ये राहणारा. रीब्रीदर नावाचे उपकरण वापरून इतके खोल तोवर कोणी गेले नव्हते. तळावर त्याच्या दिव्याच्या झोतात डिऑनचे प्रेत आले. त्याने ते उचलण्याचा प्रयत्न केला, पण पाठीवरच्या टाक्या चिखलात रुतलेल्या. खुणेची दोरी बांधून तो वर आला. आणि त्याने आईवडिलांना शब्द दिला की, तुमचा मुलगा मी घेऊन येईन.

८ जानेवारी २००५ रोजी तो पुन्हा उतरला. हेल्मेटवर कॅमेरा होता. बरोबर प्रेत ठेवण्यासाठी एक पिशवी. काही मिनिटांनी मागून त्याचा मित्र डॉन शर्ली उतरणार, २२० मीटरवर दोघांची गाठ पडणार, शॉ त्याच्याकडे पिशवी सोपवणार, ती पुढे वरच्या पाणबुड्यांच्या हातोहात पृष्ठभागावर जाणार, अशी आखणी. शर्ली खाली पोहोचला तेव्हा वर येणारे कोणी दिसले नाही. खोल खाली एक दिवा दिसत होता. तो हलत नव्हता. शर्ली आणखी खाली जाऊ लागला, तोच अडीचशे मीटरच्या सुमारास दाबाने त्याच्या श्वसनयंत्राचा नियंत्रक फुटला. तो वळला. वर येताना त्याच्या कानाच्या आतल्या भागात वायूचा बुडबुडा झाला. भोवळ, उलट्या, दिशा कळेनाशी. बारा तासांहून अधिक काळ तो पाण्यात दोरीला धरून टप्प्याटप्प्याने वर येत होता. वाटेत भेटलेल्या साथीदाराला त्याने पाटीवर तीन-चार शब्द लिहून दाखवले, की डेव्ह परत येत नाही. चित्रपटाचे नाव हेच.

चार दिवसांनी उरलेल्या टाक्या आणि दोऱ्या आवरायला पाणबुडे उतरले. दोरी वर ओढली गेली तशी दोन्ही प्रेते वर आलेली त्यांना दिसली, गुहेच्या छतापाशी, पृष्ठभागापासून सुमारे वीस मीटरवर. शॉने मोकळा केलेला डिऑन आणि त्या दोरीत गुंतलेला शॉ. दिलेला शब्द असा पुरा झाला.

ही हकीकत ऐकल्यावर कोणाही माणसाच्या अंगावर काटा येतो. फिंच आणि मालाक दोघांनाही या काट्याचे सामर्थ्य नेमके कळलेले आहे. दिलेल्या शब्दासाठी प्राण देणारा पुरुष हा आपल्याही रक्तातला विषय आहे. हरिश्चंद्रापासून आपण तो ऐकत आलो. म्हणूनच येथे थोडे थांबून विचारले पाहिजे, की हा शब्द कोणी मागितला होता?

त्या आईवडिलांना मुलगा हवा होता यात शंका नाही. सुरुवातीला त्यांनी शोधाची खटपटही केली होती. पण ती खटपट संपून कातळावर पाटी बसली होती आणि तिच्याशी त्यांची दहा वर्षांची ओळख झाली होती. ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांच्या दारी आली ती बातमी आणि तिच्याबरोबर देकार. ‘तुमचा मुलगा सापडला आहे, आणू का?’ असे कोणी विचारले तर कोणती आई ‘नको’ म्हणेल? ‘नको’ म्हणणे म्हणजे मुलाला दुसऱ्यांदा सोडून देणे. आणि ‘हो’ म्हणणे म्हणजे एका अनोळखी माणसाला त्या पाण्यात पाठवणे. या दोन उत्तरांपैकी एक निवडण्याची वेळ आईवडिलांवर आणली ती देकार देणाऱ्याने. पुढे जे झाले त्यानंतर मुलाच्या मातीशी एका परक्या माणसाचा मृत्यू कायमचा जोडला गेला. हे ओझे त्यांनी मागितलेले नव्हते. पुस्तकात आणि चित्रपटात आईवडिलांचे दुःख आहे, कृतज्ञता आहे. पण होकाराचा हा पेच उकलून दाखवावा असे दोघांनाही वाटलेले नाही. कारण तो उकलला तर नायकाची प्रतिमा डागाळते.

आता थोडे त्या पाण्याविषयी. त्याशिवाय या शब्दाची किंमत कळणार नाही.

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. २७० मीटरवर हा दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ अठ्ठावीसपट असतो. साधी हवा तिथे विष ठरते. नायट्रोजनची गुंगी चढते आणि प्राणवायूही झटके आणतो. म्हणून श्वासात हेलियम मिसळावा लागतो. रीब्रीदर हे उपकरण सोडलेला श्वासच पुन्हा वापरते, त्यातला कार्बन डायऑक्साइड रसायनाने शोषून घेते आणि लागेल तेवढा प्राणवायू घालते. पण त्या दाबाखाली तो वायूही इतका दाट होतो की नुसता आत ओढणे आणि बाहेर सोडणे हेच श्रमाचे काम होते. माणूस थोडा जास्त झटला की कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. तो साठला की दम लागतो. दम लागला की श्वास उथळ आणि जलद होतो, आणि त्यामुळे तो अधिकच साठतो. या चक्रातून सुटका एकच, हात आखडता घेणे आणि स्वस्थ होणे. तळाशी काम पाच मिनिटांचे, आणि त्या पाच मिनिटांसाठी वर येण्याची शिक्षा सुमारे बारा तासांची. कारण घाईने वर आले की रक्तात विरघळलेला वायू सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो. त्यात ही गुहा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर. म्हणजे हिशेब आणखी कडक.

अशा ठिकाणी प्रेताचे पट्टे कापायचे आणि ते पिशवीत भरायचे होते. जाणकारांनी शॉला सांगितले होते की दहा वर्षांत सांगाडाच उरला असेल, तो जागीच पडून राहील. पण पाणबुड्याच्या बंद पोशाखाच्या आत शरीराचे साबणासारखे द्रव्य झाले होते, आणि ते तरंगणारे होते. चिखलातून सुटल्याबरोबर प्रेत हलू लागले, अंगाखालून वर येऊ लागले. दोन्ही हात कामात गुंतलेले म्हणून शॉने दिवा तळावर टेकवला होता. एरवी तो त्याची तार मानेमागून घेई, त्या दिवशी ते जमले नाही. पिशवीची दोरी त्या दिव्यात अडकली. सोडवायला तो झटला. झटला म्हणून दम लागला. मृत्यूचे कारण कॅमेऱ्यातल्या चित्रणावरून आणि त्यात ऐकू येणाऱ्या श्वासावरून ठरवले गेले.

आणखी एक आकडा सांगतो आणि पुढे जातो. ती शॉची ३३३ वी बुडी होती. पाणबुडीची विद्या त्याने १९९९ साली हाती धरली होती. म्हणजे जेमतेम पाच-सहा वर्षांचा अभ्यास. त्याची बुद्धी, शिस्त, धीर याविषयी त्याच्या सोबत्यांना शंका नव्हती. तरीही इतक्या थोड्या काळात जो माणूस जगातल्या सर्वांत खोल जागांपैकी एका जागी पोहोचतो, त्याला ती खोली स्वतःकडे ओढत असते, हे उघड आहे. मग ते प्रेत हे कारण होते की निमित्त? माझ्या मते दोन्ही होते, आणि यात शॉचा कमीपणा नाही. माणसाचे हेतू असेच मिसळलेले असतात. देवळात जाणारा प्रत्येक जण केवळ देवासाठी जात नाही. पण ज्याला ‘जावे की न जावे’ याचा निवाडा करायचा आहे त्याच्या मनात ही मिसळ असेल, तर निवाडा त्याच्याकडे नसावा. बुशमन्स होलमध्ये देकार देणारा, धोका मोजणारा, आखणी करणारा आणि उतरणारा एकच माणूस होता. सोबत मदतनीस होते, पोलिसांचे पाणबुडे होते, डॉक्टर होते, चित्रण करणारे होते. ‘नाही’ म्हणण्याचे काम मात्र कोणाकडेच नव्हते.

चित्रणाविषयीही बोलले पाहिजे. शॉच्या हेल्मेटवरचा कॅमेरा पुढे पुष्कळ लोकांनी पाहिला. मृत्यूचे कारण कळण्यासाठी तो तज्ज्ञांनी पाहणे निराळे आणि अंधाऱ्या सभागृहात तिकीट काढून आपण पाहणे निराळे. मालाक यांचा चित्रपट सवंग नाही. ज्यांनी ते दिवस भोगले त्यांना तो बोलू देतो, आणि विशेषतः शर्लीच्या बोलण्यात जे मोकळेपण आणि जे मौन आहे ते फार मोलाचे आहे. तथापि ज्या माणसाने एका प्रेताला पाण्याच्या एकांतातून सोडवण्यासाठी प्राण दिला, त्याचाच शेवटचा श्वास जगाच्या कानावर पडावा, यातली विसंगती चित्रपटाला बोचत नाही. आपल्याकडे मरणाऱ्याच्या खाटेभोवती गर्दी झाली तर घरातली एखादी म्हातारी सगळ्यांना बाहेर काढते. तिला जे कळते ते कॅमेऱ्याला कळत नाही.

फिंच यांचे पुस्तक या बाबतीत उजवे. शब्दांना दाखवता येत नाही, सांगावे लागते. आणि सांगताना अंतर राखले जाते. शॉ आणि शर्ली या दोघांची मैत्री, दोघांचे स्वभाव, यंत्रांचे बारकावे यांत पुस्तकाचे बळ आहे. शर्लीचा परतीचा प्रवास हा खरे तर या हकीकतीचा गाभा आहे. मरणाऱ्याची पाच मिनिटे आणि जगणाऱ्याचे बारा तास, असा तो हिशेब आहे. शर्लीच्या शरीराचा तोल त्या दिवसापासून कायमचा बिघडला. प्रेत आणण्याच्या कामाची किंमत मोजताना आपण किती मेले ते मोजतो. असे अर्धवट वाचलेले मोजत नाही.

आता नॉर्वे. फेब्रुवारी २०१४ मध्ये पाच फिनिश पाणबुडे प्लुरा या गुहेतून शिरून दुसऱ्या तोंडातून बाहेर पडण्यासाठी निघाले. मधला भाग पूर्ण पाण्याखाली, १३० मीटरहून खोल, आणि पाणी जवळजवळ गोठलेले. अरुंद जागेत एक जण अडकला आणि दगावला; नंतर दुसराही दगावला. तिघे कसेबसे वाचले. पोलिसांनी प्रेते काढण्यासाठी इंग्लंडहून नावाजलेले पाणबुडे बोलावले, त्यांत रिक स्टँटन आणि जॉन वोलान्थन होते. त्यांनी गुहा पाहिली आणि सांगितले की हे काम अंगावर घेण्याजोगे नाही. पोलिसांनी गुहेत उतरायला बंदी केली. मार्च महिन्यात वाचलेले मित्र आणि त्यांचे साथीदार, सामी पाक्कारिनेन यांच्या पुढाकाराने, कोणाला न कळवता परत गेले, आणि दोघांनाही घेऊन आले. नंतर पोलिसांना कळवले. चौकशी झाली, शिक्षा कोणालाच झाली नाही. रेइना यांचा चित्रपट या मोहिमेचा आहे.

हा चित्रपट पाहताना सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ची आठवण होणे अपरिहार्य. राजाची आज्ञा मोडून भावाच्या प्रेतावर मूठभर माती टाकणारी ती मुलगी, आणि पोलिसांची बंदी मोडून मित्रांची प्रेते आणणारे हे पाणबुडे. फिनलंडमध्ये या कृतीला एक जुना आधारही आहे. १९३९ ते १९४४ च्या युद्धकाळात पडलेल्या सैनिकांना रणभूमीवर न पुरता शक्य तितक्यांना त्यांच्या त्यांच्या गावच्या चर्चच्या आवारात आणून मूठमाती देण्याची रीत त्या देशाने पाळली. सोबत्याला मागे ठेवायचे नाही हा त्यांचा संस्कार आहे. तेव्हा बुशमन्स होलपेक्षा प्लुराची बाजू नैतिकदृष्ट्या भक्कम आहे, हे मी मान्य करतो. इथे परका माणूस परक्याच्या घरी देकार घेऊन गेला नव्हता. मेलेले यांचे मित्र होते, जागा यांनी पाहिलेली होती, आपण कशात उतरत आहोत हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांची भीती चित्रपट लपवत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू.

पण ‘अँटिगनी’ची तुलना करायची तर ती शेवटपर्यंत करावी. त्या नाटकात मूठभर मातीसाठी फक्त अँटिगनी मरत नाही. तिच्यामागे हीमॉन मरतो, त्याच्यामागे युरिडिसी. प्रेताचे ऋण फेडणारा एकटाच किंमत मोजतो असे सोफोक्लीस म्हणत नाही. ते म्हणणे आपले आहे. प्लुरामध्ये तिसरा बळी गेला नाही, म्हणून चित्रपट विजयाचा झाला. समजा, एक जण त्याच अरुंद जागेत पुन्हा अडकला असता. तर त्याच कृतीला आपण वेडेपणा म्हटले असते, आणि मग तीन प्रेते आणायला कोणाला तरी जावे लागले असते. एखाद्या कृतीचे मोल तिच्या निकालावरून ठरत असेल तर ते मोलमाप नव्हे, ती सोडत झाली. समीक्षकाने तरी निकाल विसरून पाहायला शिकले पाहिजे.

आणि ते इंग्रज पाणबुडे? चित्रपटाचा ओघ परत जाणाऱ्यांबरोबर वाहतो, त्यामुळे ‘नाही’ म्हणून निघून गेलेल्यांच्या मनात डोकावण्याची त्याला सवड नाही. मला मात्र त्या नकाराविषयी फार कुतूहल वाटते. दूरवरून बोलावून आणलेला माणूस, ज्याच्याकडे पोलीस आणि मृतांचे नातेवाईक डोळे लावून बसले आहेत, तो पाणी पाहतो आणि म्हणतो, नाही जमणार. याला कोणते धैर्य म्हणायचे? त्याला आपल्याकडे शब्द नाही. उलट ‘कच खाल्ली’ असा शब्द आहे. हेच स्टँटन आणि वोलान्थन २ जुलै २०१८ रोजी थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक यांच्यापर्यंत प्रथम पोहोचले. (त्या गुहेतले पाणी उपसण्याच्या कामी सल्ला द्यायला किर्लोस्कर कंपनीची माणसे गेली होती. लक्ष्मणरावांनी सायकलचे दुकान बेळगावात घातले होते, तेव्हा हा अभिमान आपण थोडा वाटून घ्यायला हरकत नाही.) थाम लुआंगमध्येही समन कुनान हा माजी नौसैनिक टाक्या पोहोचवताना गेला. पण तिथे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात तेरा जिवंत माणसे होती. त्या मृत्यूवर कोणी प्रश्नचिन्ह लावत नाही, आणि लावू नये. प्लुराला ‘नाही’ आणि थाम लुआंगला ‘हो’ म्हणणारी माणसे तीच होती, यात मला कसलीही विसंगती दिसत नाही.

आपल्या देशातही असा नकार एकदा जाहीरपणे दिला गेला. डिसेंबर २०१८ मध्ये मेघालयात जैंतिया टेकड्यांतल्या कोळशाच्या एका बेकायदा खाणीत पाणी शिरून पंधरा मजूर अडकले. नौदलाच्या पाणबुड्यांनी सांगितले की पाणी अमुक पातळीच्या खाली आल्याशिवाय माणूस उतरवता येणार नाही. त्यांनी यंत्र उतरवले. यंत्राला जानेवारीत एक प्रेत दिसले. ओढू लागले तर ते तुटू लागले, तेव्हा ओढणेही थांबवले. घरच्यांचे म्हणणे होते, निदान हाडे तरी द्या. त्या मागणीपुढे कोणाचेही मन हलेल. तरीसुद्धा माणूस उतरवला नाही, आणि शेवटी दोनच प्रेते वर आली. त्या निर्णयावर कोणी चित्रपट काढणार नाही.

धर्मशास्त्राने या प्रसंगाची तरतूद करून ठेवली आहे. प्रेत मिळत नसेल तर पळसाच्या ३६० देठांची मनुष्याकृती करावी, कोणत्या अवयवाला किती देठ तेही ठरलेले, आणि तिला अग्नी द्यावा. यालाच पालाशविधी म्हणतात. हे सांगून ‘आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असा डंका पिटायचा नाही. पळसाच्या पानांनी आईचे समाधान होते असेही नाही. पण त्या विधीत एक शहाणपणाची कबुली आहे, की काही प्रेते मिळणार नाहीत, आणि ती मिळाली नाहीत तरी मेलेल्याचे काही अडत नाही. अडते ते मागे राहिलेल्यांचे, आणि त्यांची सोय जमिनीवर बसून करता येते. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या कातळावरची पाटी हा त्या आईवडिलांचा पालाशविधीच होता.

आता आपल्या घराजवळचे. जुलै २०२४ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यात अंकोल्याजवळ शिरूर येथे दरड कोसळली आणि एक मालमोटार चालकासह गंगावळी नदीत गेली. नदीला एवढा वेग की नौदलाच्या पाणबुड्यांनाही कित्येक दिवस उतरता आले नाही. लोकांचा दबाव प्रचंड, वाहिन्यांचे कॅमेरे काठावर रोवलेले. त्या दिवसांत उडुपीकडच्या ईश्वर मल्पे यांच्यासारखे स्वयंसेवक पाणबुडे त्या पाण्यात उतरत होते. अखेर गोव्याहून गाळ काढणारे जहाज आणावे लागले आणि २५ सप्टेंबरला गाडी व तिच्यातले प्रेत वर निघाले. सत्तर दिवसांहून अधिक काळ. मधल्या काळात काठावरून जो आरडाओरडा चालला होता, त्यात ‘कोणीच का उतरत नाही?’ हा सूर सर्वांत मोठा होता. हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी किती जणांना पोहता येत असेल कोण जाणे.

शॉला पुस्तक मिळाले, पाक्कारिनेनला चित्रपट. आपल्या नद्यांवर प्रेत शोधण्यासाठी ज्याला बोलावणे येते तो भोई, कोळी किंवा अंबिग असतो. त्याच्याकडे हेलियम नसतो, टाक्या नसतात. असते ती दोरी, गळ, आणि छातीत भरलेला एक श्वास. धरणाच्या फुगवट्यात बुडालेली झाडे कुठे आहेत, भोवरा कुठे फिरतो, कितव्या दिवशी प्रेत कोणत्या वळणाला लागते, हे त्याला बापाकडून कळलेले असते. पोलीस पाटील निरोप पाठवतो, फौजदार काठावर छत्री धरून उभा राहतो, पंचनाम्यावर याचा अंगठा उमटतो आणि हातावर काहीतरी टेकवले जाते. बुडालेल्याच्या नातेवाइकांसमोर त्याला ‘आज पाणी बरोबर नाही’ असे म्हणण्याची सोय कितपत असते? शॉच्या गुहेत नसलेला तो ‘नाही’ म्हणणारा माणूस आपल्या काठावरही नसतो. फरक एवढाच की शॉने स्वतःहून शब्द दिला होता आणि याच्याकडून तो काढून घेतला जातो.

याच्यावर मराठीत किंवा कन्नडमध्ये सविस्तर लिहिलेले काही माझ्या वाचनात आलेले नाही. फिंच यांनी शॉ-शर्लीच्या यंत्रांचा जितक्या आस्थेने तपशील दिला, तितक्या आस्थेने कोणीतरी गळ कसा टाकतात, दोरी कंबरेला कोणत्या गाठीने बांधतात, काठावरच्या माणसाने ती कधी ओढायची, हे टिपून घ्यायला हवे. आणि त्या माणसापाशी बसून त्याला विचारायला हवे, की तू कधी उतरायला नकार दिला होतास का. दिला असशील तर कोणाला, आणि मग काठावर बसलेले ते लोक तुला काय म्हणाले.